पाठीला पाठ लागेपर्यंत

कांद्याच्या रोपाला वास असतो आणि तो कांद्याचा नसतो. कांद्याचा वास डोळ्यांत जातो. रोपाचा वास ओला, हिरवा, जरासा तिखट, आणि तो हाताला धरतो. साबणानं हात धुतले तरी दुसऱ्या दिवशी भाकरीच्या घासाबरोबर परत येतो. परवा नेवाशाहून शेवगावला येताना आमची एस.टी. एका मोरीपाशी अडकली. पुढे ट्रॅक्टर आडवा, ट्रॉलीत रोपाच्या जुड्या रचलेल्या, वर ओलं पोतं. माझ्या खिडकीला काच नव्हतीच. पौषातली सकाळ, सगळी एस.टी. मफलरात तोंड घालून बसलेली, आणि तो वास सरळ आत आला.

मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. सायक्लोस्टाइलच्या शाईनं बोटं काळी झालेला. आमच्या लिहिण्यात वास, थंडी, चिखल वगैरे येत नाही. निषेध येतो, मागणी येते, शेवटी सभेची वेळ येते. तरीही त्या वासानं मला पाच वर्षं मागे नेलं, एका कांदालागवडीच्या हंगामात. त्या हंगामात मी एक पत्रक लिहिलं आणि छापलं नाही. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं पत्रक होतं.

तेव्हा बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती. नोकरी नव्हती, संताप भरपूर होता. शेवगावच्या कॉलेजातल्या आमच्या सरांनी बोलावून सांगितलं, "पुण्याहून एक प्राध्यापिका येतायत. कांद्याच्या बायांचा अभ्यास करायचाय. मोजायला माणूस पाहिजे." मी विचारलं, काय मोजायचं? सर म्हणाले, काम. विषयाचं नाव त्यांनी सांगितलं, संघटनात्मक वर्तन. संघटना शब्द ऐकून मी खूश झालो. नंतर कळलं, ह्या संघटनेचा आणि आमच्या संघटनेचा काही संबंध नाही.

लिमये मॅडम पुण्यात व्यवस्थापन शिकवणाऱ्या एका संस्थेत होत्या. पन्नाशी ओलांडलेली, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीला स्टॉपवॉच. माणसं काम का करतात, आणि चार माणसं एकत्र आली की कामाचं काय होतं, हा त्यांचा बावीस वर्षांचा धंदा. एवढ्यावर एखाद्याला पगार मिळतो हे मला त्या दिवशी समजलं. स्पष्ट सांगतो, मी ते काम त्यांना उघडं पाडायला घेतलं. माणसं काम का करतात? पोटासाठी. एका शब्दाचं उत्तर आहे, त्याला जीप कशाला लागते?

जीपमधून जाताना त्यांनी आपली हकीकत सांगितली होती. सुरुवात मुंबईच्या गिरणीत, सूतकताई खात्यात, प्रबंधासाठी. मग पिंपरीला स्कूटरच्या सांगाड्यांपाशी तीन वर्षं. मग कुठे औषधांच्या गोळ्या भरणाऱ्या मुली, कुठे छापखाना. "सगळीकडे मी एकच विचारलं," त्या म्हणाल्या, "आणि सगळीकडे लोकांनी मला जे ऐकायचं होतं तेच सांगितलं. हे कळायला मला पंधरा वर्षं लागली." शेवटी सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम चालू असताना पॅकिंगमधली एक बाई त्यांना म्हणाली, तुमचं हे टीम टीम आम्हाला नका शिकवू, आमच्या गावात कांद्याची टोळी बघा आधी. दुसरं कोणी असतं तर हसून सोडून दिलं असतं. मॅडमनी त्या बाईला गावाचं नाव विचारलं.

ते गाव आमच्या शेजारचं. तिथल्या मळ्यांत जाणारी टोळी मात्र आमच्या वस्तीतली, बारा जणींची. टोळीची म्होरकी हौसामावशी. ही माझी सख्खी मावशी नव्हे, अख्ख्या वस्तीची मावशी. साठीच्या जवळपास, कपाळावर गोंदण, गळ्यात निळा दोरा, आणि जीभ अशी की विहारात भंतेजी बोलत असले तरी मध्ये एक चिमटा काढल्याशिवाय राहायची नाही. लागवड दिनकरअण्णांच्या मळ्यात, सहा एकर. एकराप्रमाणे काम अंगावर घ्यायचं आणि बारा जणींत सारखं वाटायचं, ही टोळीची रीत.

पहिल्या दिवशी बाभळीखाली मॅडमनी छापील प्रश्न काढले. काम करताना आपणास समाधान वाटते का? फार, बऱ्यापैकी, सांगता येत नाही, कमी, अजिबात नाही. पाच चौकोन, एकात खूण. मी आधीच दात-ओठ खात होतो.

"समादान म्हंजे?" हौसामावशी.

"म्हणजे काम करताना बरं वाटतं का?"

"कंबर मोडायच्या आदी का मागून?"

मॅडमनी खरोखर विचार केला. "दोन्ही सांगा."

"आदी बरं वाटतं. मंग वाटत न्हाई. मंग परत वाटाया लागतं, पर तवर घरी जायाची येळ हुती. आता कंच्या घरात बसवता मला? तुमची घरं पाचच हायती."

बाया हसल्या. मॅडमनी कागदाची ती चळत जीपच्या सीटखाली सारली. ती पुन्हा बाहेर आली नाही.

कांदालागवड मी जन्मापासून बघत आलो होतो. म्हणजे कधीच बघितली नव्हती. वाफे रात्रीतून भिजवलेले. सकाळी त्या चिखलात पाय घातला की गारठा पोटरीतून वर चढतो आणि गुडघ्यात बसतो. डाव्या हातात रोपाची जुडी, उजव्या अंगठ्याला चिंधी. अंगठ्यानं रोप चिखलात दाबायचं, चार बोटं सोडून दुसरं, परत चार बोटं. आपला डोळा एका रोपावर ठरतो न ठरतो तोवर पाच उभी असतात. बारा बाया बारा वाफ्यांत उकिडव्या, तोंड लावलेल्या ओळींकडे, पाठ मोकळ्या चिखलाकडे, आणि मागे मागे सरकत चाललेल्या. कोणाचंच तोंड जायच्या दिशेला नाही. बांधावरून बघितलं तर पुढून हिरवी रेघ वाढत जाते, एवढंच दिसतं.

आणि त्यांचा एक कायदा होता. जिचा वाफा आधी संपतो ती उठून कंबर सरळ करत नाही, पाणी पीत नाही. जी मागे पडली असेल तिच्या वाफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसते आणि तिकडून मागे सरकत लावत येते. दोघी एकमेकींकडे पाठ करून जवळ येत जातात. मागे पडलेलीला कळतही नाही की कोणी आलंय. मधला चिखल कमी होत जातो आणि एकदम पाठीला पाठ लागते. वाफा मिटला. दोघी उठतात, मधल्या चार ओळी बांधावरून हात घालून भरतात, पुढच्या वाफ्याकडे जातात. कोणी हात मागितलेला नाही, कोणी देते म्हटलेलं नाही.

मॅडम किती तरी वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "ह्याला काय म्हणता तुम्ही?"

"कशाला?"

"हे दुसऱ्या टोकाकडून येता, त्याला."

हौसामावशीनं जुडीतलं रोप सुटं करत सांगितलं, "पाठीला पाठ लागली म्हनत्यात. अजून काय म्हनायचं?"

मॅडमच्या विषयात म्हणे प्रत्येक गोष्टीला नाव आहे. ह्या गोष्टीला नव्हतं. त्यांनी वहीत तेवढंच वाक्य लिहून ठेवलं, 'काय म्हनायचं' सकट.

पण मोजायचं कसं? कोणी किती लावलं हे कळणार कसं, निम्मा वाफा हिचा, निम्मा तिचा? मॅडमनी तोड काढली. शेवगावच्या बाजारातून केसांच्या रिबिनी आणल्या. बारा रंग मिळेनात म्हणून चार रिबिनींना गाठी मारल्या. तुरीच्या काड्यांना त्या बांधून प्रत्येकीला तिच्या रंगाच्या काड्या दिल्या. पाठीला पाठ लागली की दोघींनी तिथंच आपापली काडी रोवायची. मी दुपारी आणि दिवस मावळताना जाऊन काडीपर्यंतच्या ओळी मोजायच्या.

पहिल्याच दिवशी दिनकरअण्णा बांधावर आले. माणूस वाईट नव्हता. विहिरीचं पाणी आणि विजेची वेळ ह्यांच्या कात्रीत सापडलेला बागाईतदार, लागवड चार दिवस लांबली तर कांदा फुगत नाही ही त्याची काळजी. म्हणाले, "मॅडम, तुमचं हे झालं की मला बी एक कापी द्या. पुढल्या साली चलाख बाया तेवढ्या घिऊ. मागं राहनारीला कशाला बसवायची? तिचं वझं बाकीच्यांवर." मॅडम म्हणाल्या, "बघू."

बाया तिथंच, दहा हातांवर, रोप उपटत होत्या.

मी त्याच दुपारी बांधावर बसून मसुदा केला: घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात मोजतात, आमच्या शिवारात बायांची बोटं. वाक्य जमलं ह्या आनंदात मी त्यातलीच एक बोटं मोजणारा आहे हे विसरून गेलो.

आठ दिवसांनी मॅडमनी माझे सगळे तक्ते जीपच्या बॉनेटवर पसरले आणि त्यांचा चेहरा बदलला. बाराही जणींचे आकडे सारखे. दोन-चार ओळींचा फरक, तोही रोज वेगळीचा. मी तयारच होतो. म्हटलं, "ह्याचा अर्थ सरळ आहे. माणसांना इतकं राबवलंय की माणसाचं यंत्र झालंय. यंत्रं सारखीच चालतात."

"यंत्रंसुद्धा सारखी चालत नाहीत, सिद्धार्थ," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं मोजतेय. दोन सख्ख्या बहिणी मला सारख्या मिळालेल्या नाहीत. खरं सांग. बांधावर बसून भरलेस का हे?"

माझ्या हातात पेन्सिल होती. ती मी त्यांच्या पायापाशी टाकली. "आमच्या बायांचा आकडा चांगला आला की खोटा वाटतो तुम्हाला. कमी आला असता तर लगेच पटला असता." हे मी मोठ्यानं बोललो. बायांनी माना वर केल्या. मॅडमनी वाकून पेन्सिल उचलली, माझ्या खिशाला लावली, आणि म्हणाल्या, "उद्या मी बसते लावायला. तू माझेही मोज."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या, जुनं लुगडं कुणाकडून तरी मागून घेऊन, अनवाणी. तेरावा वाफा, पांढरी रिबीन. चिखलात पाय ठेवताच त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला त्याची नक्कल सुनंदा दिवसभर करत होती. सुनंदा टोळीतली सगळ्यात तरणी आणि सगळ्यात चपळ.

"बाई, मुळी खाली धरा. शेंडा पेरताय."

"बाई, कांदा हाय त्यो," हौसामावशी शेजारच्या वाफ्यातून, "हळदीकुकू न्हाई. अंगठा दाबा की जरा."

"दाबतेय हो."

"मंग रोप का निजलं? तुमाला बगून लाजलं व्हय?"

दुपारपर्यंत मॅडमच्या अंगठ्याची साल गेली. शांतानं आपल्या बाळाच्या दुपट्याची कड फाडून चिंधी बांधली; तिचं दोन महिन्यांचं पोर बाभळीच्या झोळीत होतं. मॅडम उठल्या नाहीत. सकाळपासून त्यांचे चार वाफेसुद्धा धड झाले नव्हते, आणि प्रत्येक वाफ्यात सुरुवात करून हातभर मागे आल्या की कोणाची तरी पाठ लागायची.

दिवस मावळताना मी मोजायला गेलो. मोजलं. परत मोजलं. आयुष्यात पहिल्यांदा कांदा लावणाऱ्या लिमये मॅडमचा आकडा सुनंदाच्या आकड्याहून तीन ओळींनी कमी होता.

मॅडमनी तक्ता बघितला आणि आपल्या शेवटच्या वाफ्याकडे गेल्या. वाफ्यात कडेजवळ एक पांढरा गोटा होता. "मी काडी ह्या गोट्याला चिकटवून रोवली होती," त्या म्हणाल्या. पांढऱ्या रिबिनीची काडी वाफ्याच्या पार पलीकडच्या टोकाला, मावळतीच्या वाऱ्यात हलत होती. त्या गोट्यापासून काडीपर्यंत बांधावरून चालत गेल्या. सव्वीस पावलं. मी बघत होतो. माझे आठ दिवसांचे तक्ते माझ्या काखेत होते.

"कोणी हलवली?"

सुनंदा चिंधी सोडण्यात गुंग झाली. शेवटी हौसामावशी म्हणाली, "पातीला, आमच्या वळीत, बसलात न्हवं?"

"बसले."

"मंग?"

एवढंच. जणू ह्याच्या पुढे समजावण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. नंतर सगळं उलगडलं. पहिल्या दिवसापासून काड्या सरकत होत्या. दुपारी भाकरी सोडायच्या आधी आणि माझ्या मोजणीच्या थोडं आधी, पाणी प्यायला जाता-येता, एकेक काडी उपटून दहा ओळी इकडे, पंधरा ओळी तिकडे. मोजायला येत नाही म्हणणाऱ्या बाया बारा जणींची बेरीज मनात धरून ती सारखी वाटत होत्या, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी बांधावर शोषणावर लिहीत बसलो होतो.

"अण्णानं कागद मागितला तवा आमी हितंच हुतो," मावशी म्हणाली. "कान हायती आमाला. आमची शांता ओली बाळंतीन. तिचा आकडा कमी आला तर पुढल्या साली तिनं कुठं जायाचं? म्या म्हनलं, सरकवा काड्या."

मॅडम चिखलाच्या पायांनी बांधावर बसल्या. हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. देवळात शिरल्यावर नकळत आवाज खाली येतो तसा त्यांचा आवाज झाला होता. "मी किती लावलं हे तुम्हाला माहीत आहे?"

"तुमी?" सुनंदा म्हणाली. "तुमी चिखुल लावलात, बाई."

जाताना सुनंदा फाट्यापर्यंत जीपमध्ये बसली. मावशी मागे राहिली हे बघून तिनं सांगितलं. शांताचं काही नाही, ती आमच्यासारखीच चालते. मावशीला दिसत नाही आता. दोन वर्षं झाली. बोटांनी चाचपून लावते, चांगलं लावते, पण वाफाभर मागे पडते. शांताचं निमित्त मावशीनंच काढलं, आम्ही हो म्हटलं. "तिला वाटतं तिचा हात तसाच हाय. पाठ येळेवर लागती न्हवं तिच्या. तिला सांगू नका, बाई. लई मानी हाय."

आता बघा काय झालं होतं ते. म्हातारी शांताला वाचवायला काड्या सरकवत होती, आणि शांतासकट अकराजणी म्हातारीला. मॅडमचा तक्ता खरा निघाला असता तर त्यात एकच नाव तळाला गेलं असतं, ते टोळीच्या म्होरकीचं. अण्णांना कळलं असतं ही एक गोष्ट. तिला स्वतःला कळलं असतं, ही दुसरी.

दोन दिवसांनी मावशी डोळे दाखवायला मुलाबरोबर नगरला गेली. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थोडी टिकवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. पण मला सांगायचंय ते त्या दिवशी मळ्यात झालं ते. सगळ्यात हळू बाई गैरहजर. हिशेबानं काम फारसं घटायला नको होतं. आणि दिवस मावळला तेव्हा रोजच्यापेक्षा सात वाफे जास्त मोकळे राहिले होते.

त्या दिवशी मी बांधावर लिहीत बसलो नाही. बघितलं. काय कमी होतं? आवाज कमी होता. मावशीला दिसत नव्हतं, पण चिखलातून अंगठा निघताना जो चुट असा बारीक आवाज येतो तो तिला बाराही वाफ्यांतून ऐकू यायचा. कोणाचा आवाज लांबला की नाव घेऊन टोमणा जायचा: शांते, झोपलीस व्हय. सुनंदे, लई उड्या मारू नको, तिकडल्या टोकाला जाऊन बस. नवऱ्यानं मारलंय का गं तुला, का तूच मारून आलीस, बोल की. कोणी कोणाच्या मागे जाऊन बसायचं हे ती ठरवत होती. आम्हाला आठ दिवस ती थट्टा वाटली. ती नव्हती त्या दिवशी प्रत्येक बाई आपापल्या वाफ्यात एकटी होती. पाठीला पाठ लागत होती, पण उशिरा.

मॅडमनी स्टॉपवॉच गळ्यातून काढलं, दोरी गुंडाळली आणि बॅगेत ठेवलं. म्हणाल्या, "गिरणीत माझ्या यादीत एक म्हातारा होता, सगळ्यात तळाला. फार बोलतो अशी नोंद मीच केली होती." पुढे काय झालं त्याचं, मी विचारलं नाही. मला, कधी नव्हे ते, त्यांच्यावर संतापता येईना.

मी मात्र पेटलो होतो. स्टेन्सिल कापून तयार केली. 'बारा बायांनी शास्त्राला हरवलं.' काड्या, रिबिनी, पांढरा गोटा, सव्वीस पावलं, मावशीची गेलेली नजर आणि तिच्यासाठी सरकलेल्या ओळीसुद्धा, सगळं त्यात. माझ्या संघटनेत त्या पत्रकानं माझं नाव झालं असतं, हेही मला ठाऊक होतं. सकाळी ती स्टेन्सिल उजेडाला धरून मॅडमनी पूर्ण वाचली.

"उत्तम लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "ह्यात माझं हसं आहे ते राहू दे, ते खरं आहे. छाप. फक्त हौसाबाईंना ते कोण वाचून दाखवणार, तेवढं ठरव."

वस्तीत पत्रक आलं की विहारापुढे मोठ्यानं वाचायची आमची पद्धत. पुढे बसायची मावशीच. मी स्टेन्सिल परत घेतली. मेणाचा कागद तो, धड फाटतही नाही. घरी जाऊन चुलीत घातली.

अण्णा शेवटच्या दिवशी आले. "मॅडम, आमचा कागद?"

"तुमच्या कामाचा कागद माझ्याकडे नाही, अण्णा. माझी मोजणी फसली."

"फसली? आन् एवढ्या रिबिनी?"

"एकेकीचं काम वेगळं काढताच येत नाही. टोळीचं काढता येतं, ते घ्या. आणि एक सांगते, सल्ला तुम्ही मागितला नाहीत, पण देते. एक जरी बाई कमी केलीत तर सात वाफे मोकळे राहतील."

अण्णांनी टोपी मागे सारली. "त्या बुधवारी राहिले तसे? म्या इचारनारच हुतो, त्या दिवशी काय झालं." थोडा वेळ वाफ्यांकडे बघितलं. "मंग बाराच यिऊ द्या. आपल्याला काय, लागवड झाल्याशी मतलब."

लिमये मॅडमची पत्रं येत राहिली. त्या हंगामावर लिहिलेला लेख एका मोठ्या नियतकालिकाकडून परत आला. मोजणी विश्वासार्ह नाही असा शेरा. त्यांनी मला लिहिलं, शेरा बरोबर आहे. दुसऱ्यांदा लिहिताना त्यांनी एकेकीचे रकाने काढून टाकले, तिथे रिकामी जागा ठेवली, तोही परत आला. पुढल्या वर्षी त्या निवृत्त होतायत. शेवटच्या पत्रात आहे: "नव्या वर्गाला पहिल्या तासाला मी गाव-नाव न सांगता काड्यांची गोष्ट सांगते. मुलं विचारतात, मग तुमचा निष्कर्ष काय? मी सांगते, मला आकडा मिळाला नाही. काही मुलं वही मिटतात. एखादं मिटत नाही."

बावीस वर्षं माणूस एक प्रश्न घेऊन फिरतो, गिरणीतून कारखान्यात, कारखान्यातून मळ्यात, आणि उत्तर समोर आल्यावर ते खिशात न घालता जिथल्या तिथे ठेवून निघून जातो. पत्रकात लिहायला हे अवघड आहे. मी अजून लिहितो, निषेधही करतो, आणि करायलाच पाहिजे. बायांच्या अंगठ्यांची साल अजून जाते. फक्त आता लिहिण्याआधी बांधावरून उठतो.

म्हणून परवा ट्रॅक्टर हलल्यावर मी एस.टी.तून फाट्यावर उतरलो. टोळी अण्णांच्याच मळ्यात होती. हौसामावशी बांधावर, बाभळीखाली, बोटांनी चाचपून रोपाच्या जुड्या बांधत होती. एका डोळ्याला आता फक्त ऊन-सावली कळते, दुसऱ्याला तेही नाही. तरी रोज येते, वाटा सारखाच. मी पँट दुमडली आणि रिकाम्या वाफ्यात बसलो. हे बायांचं काम. गडी माणूस ह्याला बसत नाही.

"अगं बया, गडी बसला पातीला."

"सिद्धा, घोषणा देत लाव, लौकर हुईल."

पहिल्याच ओळीत अंगठ्याला गार कळ गेली. चार बोटं सोडायची म्हणतात, पण चिखलात आपली बोटंही आपली राहत नाहीत. टोळी बघता बघता निघून गेली. माझ्यापुढे वाकड्या ओळी, मागे किती चिखल उरलाय ते बघायची हिंमत नव्हती. मान खाली घालून सरकत राहिलो. कंबर पेटली. आणि एकदम पाठीला पाठ लागली. हाडांची, हलकी, गरम पाठ.

"कोन हाय रं?"

"मी, मावशी."

"वळखलं. रोपं निजवत आलास न्हवं." ती बांधावरून उठून, वाफ्याची कड हातानं धरत, दुसऱ्या टोकाला येऊन बसली होती. मी वळून बघितलं. तिच्या ओळी दोरी लावल्यासारख्या होत्या. निम्म्याहून जास्त वाफा तिचा होता.

दोघं चिखलातच बसून राहिलो. मग ती म्हणाली, "त्या पुन्याच्या बाईंच्या काड्या हुत्या बग. मोडल्या का हायती?"

"हायती एक-दोन, घरी. का?"

"एक असती तर सरकवली असती तुज्याकडं." ती खुदकन हसली. "माझी बी सरकवायच्या सगळ्या. मला काय कळत नव्हतं व्हय? पाठ लई लौकर लागायची रं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करायचं? त्या सरकवीत हुत्या, म्या सरकवू देत हुते." तिनं मागे हात घालून माझी शेवटची ओळ चाचपली, दोन आडवी रोपं उभी करून अंगठ्यानं दाबली. "आता लिही पायजे तर. मला वाचून दाव. आन् ऊठ, मधल्या चार ओळी ऱ्हायल्यात."